गाणं अनेकींचं असतं, निनावी नसतं

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेलं जोडपं मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणून धरलं जातं. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. पण आगाऊ रकमेची उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते आणि व्यवहारही त्याच्याशीच होतो. काम दोघांचं, नाव एकाचं. बायकांच्या गाण्याचा हिशेबही आपल्याकडे पुष्कळदा असाच मांडला जातो. जात्यावरच्या ओवीबाबत तेच झालं आणि आता रॅप करणाऱ्या मुलींबाबतही तेच होऊ पाहतंय. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत. ते एकदा नीट तपासायला हवेत, कारण त्यांचा फटका नावाला बसतो आणि पैशालाही.

‘मुलगी रॅप करते म्हणजे लिहून देणारा कुणीतरी आहे’

रॅप करणारी मुलगी मुंबईची असो वा माजलगावची, तिला हा प्रश्न ठरलेलाच. मुलांना तो क्वचित विचारला जातो. रॅपचा इतिहास मात्र याच्या नेमका उलट साक्ष देतो. जगभर गाजलेलं रॅपचं पहिलं मोठं गाणं म्हणजे १९७९ चं ‘रॅपर्स डिलाइट’. त्यातल्या बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरच्या होत्या. कॅझला ना श्रेय मिळालं, ना पैसे. उसनवारी इतकी जशीच्या तशी होती की कॅझचं टोपणनावसुद्धा हँकच्या तोंडी राहून गेलं. म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांवर नाव कमावण्याची सुरुवात पुरुषांपासूनच झाली.

बायकांच्या बाजूनं पाहा. ‘सॉल्ट-एन-पेपा’ या अमेरिकी गटाची सुरुवातीची बरीच गाणी त्यांचा निर्माता हर्बी अझोर लिहायचा आणि श्रेयही त्याचंच असायचं. पुढे गटातली सॉल्ट, म्हणजे शेरिल जेम्स, स्वतः लिहू लागली. १९९० च्या ‘ब्लॅक्स मॅजिक’ अल्बममधलं ‘एक्सप्रेशन’ तिनं लिहिलं आणि त्याची निर्मितीही तिनंच केली. ते गाणं जोरात चाललं. आधी दुसऱ्याचं गायलं म्हणून पुढचं स्वतःचं खोटं ठरत नाही. शिकण्याची वाट तशीच असते.

आपल्याकडे २०२२ च्या ‘एमटीव्ही हसल २.०’ या रॅप-स्पर्धेतून सृष्टी तावडे घराघरांत पोचली ती स्वतःच्या शब्दांवर. गोवंडीची सानिया मिस्त्री शाळकरी वयापासून आपल्या वस्तीबद्दल स्वतः लिहिते. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावानं आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते. त्यांच्या ओळींमध्ये ज्या गल्ल्या, जी माणसं आणि जो राग येतो, तो भाड्यानं आणता येत नाही.

‘कुणाची मदत घेतली म्हणजे फसवणूक’

या गैरसमजाचं मूळ रॅपच्या स्वभावात आहे. गायिकेला कुणी ‘हे तुम्हीच लिहिलंत का’ असं विचारत नाही. रॅपरला विचारतात, कारण रॅपमध्ये ‘मी’ बोलत असतो. ती अपेक्षा रास्त आहे. पण ‘स्वतःचं’ याचा अर्थ ‘एकटीचं’ असा लावला की घोटाळा होतो. एका गाण्यात शब्द कुणाचे, ते कोणत्या लयीत पडतात ती फेक कुणाची, पुन्हा पुन्हा येणारा मुखडा कुणाचा, बीट कुणाचं आणि शेवटी आवाज कुणाचा, हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. पाचांची उत्तरं पाच असू शकतात. फसवणूक होते ती लपवल्यावर.

कार्डी बी या रॅपरचं ‘बोडॅक येलो’ २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच्या लेखकांच्या यादीत तिचा सहलेखक पार्डिसन फाँटेन आहे आणि कोडॅक ब्लॅक हा रॅपरही आहे. का? तर गाण्याची फेक कोडॅकच्या एका जुन्या गाण्यावरून घेतलेली होती. ती उघड मान्य करून नाव दिलं. गाणं कार्डीचंच राहिलं.

उलट उदाहरण रॅपर लॉरिन हिलचं. १९९८ चा तिचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा फार मोठ्या तोलाचा अल्बम. वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळवणारा हिप-हॉपमधला तो पहिला. त्यावर काम केलेल्या ‘न्यू आर्क’ या गटातल्या चार वादकांनी, आम्ही लिहिण्यात आणि निर्मितीत हातभार लावला पण श्रेय मिळालं नाही, असा दावा कोर्टात लावला. २००१ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून तिच्या प्रतिभेबद्दल बोलताना हा वाद कुणी ना कुणी काढतंच. कुणाचा किती वाटा हे आधी कागदावर असतं, तर ही वेळ कदाचित आलीच नसती, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ त्याचीच वाटते.

‘जिच्या तोंडी गाणं, तिचंच ते’

‘पिंजरा’ चित्रपटाची गाणी (१९७२) अजून कितीतरी जण ‘संध्याची गाणी’ म्हणतात. संध्यानं पडद्यावर अदा केली. गायल्या उषा मंगेशकर, शब्द जगदीश खेबुडकरांचे, संगीत राम कदमांचं. चौघांचं काम चार प्रकारचं आणि एकाचंही दुय्यम नाही.

याच गैरसमजाची दुसरी बाजू म्हणजे ‘जिनं कागदावर उतरवलं तिची रचना’. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकामात आणि शेतात त्या म्हणत, आणि मुलगा सोपानदेव व घरातली माणसं टिपून घेत. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपात आली. टिपून घेणाऱ्यांचं ऋण मोठंच आहे, पण त्या कविता बहिणाबाईंच्याच. जिला लिहिता येत नाही ती कवयित्री असू शकते, हे महाराष्ट्रानं तेव्हाच मान्य केलंय. मग मोबाईलमध्ये बोलून ओळी साठवणाऱ्या आणि मित्राकडून टाइप करून घेणाऱ्या मुलीच्या बाबतीत शंका कशाला?

आणि ज्यांच्या आवाजाला अख्खा देश ओळखत होता त्या लता मंगेशकरांनी काही मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावानं. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांचं संगीत त्यांचं. गायिका म्हणून त्यांचं नाव सर्वतोमुखी होतं, संगीतकार म्हणून पडद्याआड. हे मला नेहमीच खटकतं.

‘बीटचे पैसे दिले, गाणं माझं झालं’

इथं कायदा थोडा बारकाईनं पाहावा लागतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका ध्वनिमुद्रित गाण्याचे तुकडे वेगवेगळे मानले आहेत. शब्द ही साहित्यकृती, तिचा हक्क लिहिणारीचा. चाल किंवा संगीत ही वेगळी कृती, तिचा हक्क संगीतकाराचा. तयार ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली त्याचा. आणि गाणारीला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क, ५० वर्षं टिकणारा. शब्दांचा आणि संगीताचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं.

यूट्यूबवर ‘फ्री’ म्हणून ठेवलेलं बीट बहुतेक वेळा सरावासाठी किंवा कमाई न करण्याच्या अटीवर फुकट असतं, आणि नाव देण्याची अट असते. काही शे रुपयांत मिळतो तो बहुधा वापराचा परवाना. तेच बीट इतर दहा जणांनाही मिळालेलं असतं. सगळे हक्क हवे असतील तर तसा लेखी करार लागतो, तोंडी शब्द चालत नाही. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

हीच गोष्ट उलट्या बाजूनं मुलींच्या फायद्याची आहे. स्टुडिओवाल्यानं ‘रेकॉर्डिंग फुकट करून देतो, गाणं आमचं’ म्हटलं आणि सही घेतली, तरी दोन गोष्टी तिच्याकडेच राहतात. पहिली, हे मी लिहिलंय असं सांगण्याचा हक्क. कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही तो जात नाही. दुसरी, २०१२ च्या दुरुस्तीनं आलेली. शब्द आणि संगीत रचणाऱ्यांना रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. गीतकार-संगीतकारांची अशी संस्था म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘आयपीआरएस’.

नोंदणी केली नाही म्हणजे हक्क नाही, हाही समज चुकीचा. हक्क रचनेबरोबरच जन्मतो, नोंदणी पुराव्यासाठी.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एका साध्या फॉर्मवर. गाणं वितरक अ‍ॅपवरून स्पॉटिफाय वगैरे ठिकाणी चढवताना ‘कलाकार’ आणि ‘गीतकार’ असे वेगळे रकाने येतात, आणि गीतकाराच्या रकान्यात खरं नाव मागतात, रंगमंचावरचं नाही. अकाउंट ज्याच्या नावावर असतं तो घाईत आपलंच नाव टाकून मोकळा होतो. ध्वनिमुद्रणाला मिळणारा ‘आयएसआरसी’ क्रमांक वेगळा, रचनेला मिळणारा ‘आयएसडब्ल्यूसी’ वेगळा. पहिला आपोआप मिळून जातो, दुसऱ्याकडे कुणी पाहत नाही. आणि लिहिणारीचे पैसे अडकतात ते दुसऱ्यातच. म्हणून गाणं चढवण्याआधी एका कागदावर लिहावं: शब्द कुणाचे, मुखडा कुणाचा, बीट कुणाचं, आवाज कुणाकुणाचे, कुणाचा वाटा किती, खाली तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. व्यवहार मैत्रिणी-मैत्रिणींत असला तरी. खरं तर मैत्रिणींत असेल तर जास्तच.

‘ओव्या लोकांच्या असतात, त्यांना कोण विचारतं’

अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांचा केवढा अभिमान! ‘विवेकसिंधु’चं वर्षसुद्धा परंपरेनं जपलंय, शके १११०. त्याच मुलखात शेकडो वर्षं बायका पहाटे जात्यावर बसून रचत होत्या. खुंट्याला दोघींचे हात, एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं वैरण घालता घालता ती उचलायची, आपल्या भावाचं, लेकाचं, गावाचं नाव गुंफायचं. माहेरची ओवी सासरी जाऊन बदलायची. ही सहनिर्मितीच होती. पण म्हणणारीचं नाव कुठं उतरलं नाही, आणि ‘ओवीला कवयित्री नसते’ असा समज रूढ झाला.

तो खोडला गेला तो एका चिकाटीच्या कामानं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर असलेल्या या संग्रहात हजारावर गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखाच्या घरातल्या ओव्या आहेत. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती नोंदीची पद्धत. ओवीपाशी गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या राधाबाई बोऱ्हाडे, रंगूबाई पोटभरे यांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या अशा त्यांच्या नावानिशी तिथं आहेत. राधाबाईंच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण १९९६ चं.

नोंदीत त्यांना ‘गाणारी’ म्हटलंय, आणि ते अचूक आहे. परंपरेनं आलेल्या ओळीची पहिली रचनाकार कोण, ते कळायला मार्ग नाही. पण ती ओवी त्या आवाजात, त्या चालीत, त्या क्रमानं म्हणणारी बाई कळलेली आहे आणि कायद्यानं कलाकार म्हणून तिचा हक्क आहे. १९९६ च्या ध्वनिमुद्रणावरचा तो हक्क २०४६ च्या अखेरीपर्यंत चालतो.

आता समजा, एखाद्या मुलीला यातली ओवी आपल्या रॅपमध्ये घ्यायची आहे. कल्पना फार सुंदर आहे; भीमनगरच्या आवाजावर आजचं बीट कुणी घालावं असं मला मनापासून वाटतं. ओवीचे नुसते शब्द घेऊन ती स्वतः म्हणणार असेल तर परंपरेच्या ओळींवर कुणाची मालकी नाही; तरी कुठल्या गावी, कुणाकडून मिळाली ते लिहावं. जुना आवाजच घ्यायचा असेल तर ध्वनिमुद्रण ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी लागते आणि गाणारीची किंवा तिच्या वारसांचीही. पैसे मिळणार असतील तर वाटा आधी ठरवायचा. आणि श्रेयाच्या ओळीत नुसतं ‘पारंपरिक’ लिहून भागत नाही. तिथं लिहायचं: ओवी परंपरेनं आलेली, आवाज राधाबाई बोऱ्हाडे, भीमनगर, माजलगाव, जिल्हा बीड, रॅपचे शब्द अमुक, बीट तमुक.