लहान जातीच्या कुत्र्याच्या पिलांची वाढ व निगा

शेतकऱ्याच्या घरी कुत्रे असणे ही काही नवी गोष्ट नव्हे. खळ्यावर, गोठ्यापाशी अथवा मळ्यातील वस्तीवर राखणीस एखादे गावठी वा कारवानी कुत्रे असतेच, आणि ते बहुधा भाकरीच्या तुकड्यांवर व घरच्या ताकावर वाढलेले असते. परंतु अलीकडे निराळ्याच जातींची कुत्री आमच्या खेड्यांत येऊ लागली आहेत. मुलगा अथवा जावई पुण्यामुंबईस नोकरीस असतो. तो मुलांच्या हौसेखातर पॉमेरेनियन, पग, डॅक्सहुंड वा ल्हासा अप्सो अशा एखाद्या लहान जातीचे पिलू विकत घेतो, आणि पुढे शहरातील अपुऱ्या जागेत त्याची निगा होईना म्हणजे ते गावी वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन करतो. (बाजारात पॉमेरेनियन म्हणून जे पांढरे, झुबकेदार शेपटीचे कुत्रे मिळते, ते पुष्कळदा इंडियन स्पिट्झ जातीचे असते.) अशी पिले कित्येकदा आठ-पंधरा दिवसांत दगावतात. मग कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी गावची हवा मानवली नाही म्हणतो. आमच्या पाहण्यात जी उदाहरणे आली त्यांत पिलास मोठ्या कुत्र्याच्या मापाने वागविले गेले, हेच मुख्य कारण दिसले. लहान जातीच्या पिलाचा हिशेब निराळा आहे, आणि तोच या लेखात मांडण्याचा आमचा विचार आहे.

लहान देहाची भूक.— उकळत्या पाण्याने भरलेला हंडा व भरलेली वाटी एकाच वेळी चुलीजवळून दूर ठेविली, तर वाटीतील पाणी आधी निवते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. लहान देहाचे तसेच आहे. वजनाच्या मानाने त्याची कातडी अधिक, म्हणून त्याची ऊबही लवकर जाते, आणि गेलेली ऊब भरून काढण्यास त्यास अन्न जाळावे लागते. शिवाय ते वाढीस लागलेले असते. एक किलो वजनाच्या पिलास दिवसास सुमारे २०० किलोकॅलरी इतके अन्न लागते. पंचवीस किलो वजनाच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्यास सुमारे १२५० पुरतात, म्हणजे किलोमागे ५०. यावरून लहान पिलाची भूक वजनाच्या मानाने चौपट आहे असे दिसून येईल. पण पोट मात्र वाटीएवढेही नाही, आणि यकृतात व स्नायूंत साठविलेली शिल्लकही अगदी थोडी. यामुळे काही तास उपास घडला की रक्तातील साखर उतरते. मोठ्या जातीचे पिलू एक रात्र उपाशी राहिले तर सकाळी केकाटेल. लहान जातीचे पिलू सकाळपर्यंत निपचित पडलेले आढळेल.

साखर उतरल्याची लक्षणे प्रत्येक घरात माहीत असावीत. पिलू मलूल होते, चालताना झोकांड्या खाते, थरथरते, आणि पुढे त्यास झटके येतात. अशा वेळी मध अथवा साखरेचा दाट पाक बोटाने त्याच्या हिरड्यांस चोळावा, त्यास उबेत गुंडाळावे आणि तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. बेशुद्ध पिलाच्या तोंडात दूध वा पाणी कधीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पिलू गुदमरते. हा धोका पहिल्या तीन-चार महिन्यांत विशेष असतो. प्रवास, थंडी, हगवण व जंत यांनी तो वाढतो.

आईजवळचे दिवस.— नवजात पिलास पहिले दोन आठवडे स्वतःची ऊब राखता येत नाही. डोळे सुमारे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर मोकळे होतात. पहिल्या चोवीस तासांत मिळणारा आईचा चीक हे त्याचे पहिले संरक्षण होय, आणि तो जितका लवकर पोटात जाईल तितका गुणकारी. पिले व्यालेल्या जागी ओल व वाऱ्याचा झोत नसावा, आणि आच्छादन रोज बदलावे. साधारण चौथ्या आठवड्यापासून मऊ, पातळ केलेले अन्न चाटण्यास द्यावे आणि सहा ते आठ आठवड्यांत दूध हळूहळू तोडावे. आठ आठवडे पुरे होण्यापूर्वी पिलू आईपासून तोडू नये, आणि विकत घेणाराने तसे पिलू घेऊ नये. बाजारात चार-पाच आठवड्यांची पिले लहान व गोजिरवाणी दिसतात म्हणून लवकर विकली जातात. परंतु ज्याचा प्राण दर दोन-तीन तासांच्या दुधावर चाललेला आहे, त्यास टोपलीत घालून दिवसभर एसटीने प्रवास करविणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

नोंद.— आमचा जन्म महसुली दप्तरात गेला, म्हणून नोंदीविषयी आमचा आग्रह वाचकांनी सहन करावा. पिलाची प्रकृती डोळ्यांनी कळत नाही. दाट केसांखाली ते किती रोडावले हे दिसतच नाही. ती वजनावरून कळते. स्वयंपाकघरातील अथवा किराणा दुकानातील लहान वजनकाटा यासाठी पुरेसा आहे. जन्मतः लहान जातीच्या पिलाचे वजन बहुधा १०० ते २०० ग्रॅमच्या आसपास असते, आणि निरोगी पिलाचे वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट होते. पहिले दोन आठवडे रोज, पुढे तीन महिन्यांपर्यंत आठवड्यातून दोनदा ठरावीक वेळी वजन करून वहीत मांडावे. आकडा पुढे सरकत असेल तर काळजीचे कारण नाही. नवजात पिलाचा आकडा एक दिवस थांबला अथवा मागे आला, तर त्याच दिवशी कारण शोधावे.

आहार.— तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा व पुढे दोन-तीन वेळा खाणे द्यावे. रात्रीचे शेवटचे खाणे उशिरा व सकाळचे पहिले लवकर असावे. वाढत्या पिलाच्या आहारातील कोरड्या भागात शेकडा बावीसहून अधिक प्रथिने असावीत असा दंडक आहे. ज्वारीत ती शेकडा दहाच्या आसपास असतात, म्हणून भाकरीने पोट भरते पण पिलू वाढत नाही. नुसते मांसही पुरेसे नाही, कारण त्यात चुना फारच थोडा असल्याने हाडे ठिसूळ राहतात व पाय वाकतात. लहान जातीच्या पिलांसाठी तयार मिळणारा दाणेदार आहार कोमट पाण्यात भिजवून देणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. घरी शिजवून घालावयाचे असल्यास अंडे, मांस, भात, भाजी व चुन्याचे औषध यांचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. तयार आहार पूर्ण असेल तर वरून चुन्याचे औषध देऊ नये.

दुधासंबंधी एक गैरसमज रूढ आहे. गाईच्या दुधाच्या मानाने कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश दुपटीहून अधिक आणि दुग्धशर्करा कमी असते. त्यामुळे आई मेलेल्या पिलास नुसते गाईचे दूध पाजल्यास ते अपुरे पडते व हगवणही लागते. त्याऐवजी पिलांसाठी मिळणारी दूधभुकटी आणावी. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट ही कुत्र्यास विषवत आहेत, आणि शिजविलेल्या कोंबडीच्या हाडांच्या कपच्या आतड्यात रुततात.

हाडे व दात.— लहान जातीचे कुत्रे आठ ते बारा महिन्यांत पूर्ण वाढते. मोठ्या जातींस दीड-दोन वर्षे लागतात. पुढच्या पायांची हाडे काडीसारखी असल्याने बाजेवरून अथवा ओट्यावरून उडी मारताना ती मोडतात. म्हणून मुलांनी पिलू उभ्याने उचलून न घेता जमिनीवर बसून खेळवावे. गळ्यातील पट्ट्याने ओढल्यास नाजूक श्वासनलिकेस इजा होते, याकरिता छातीभोवतीचा पट्टा बरा. दुधाचे दात २८ असतात. ते चौथ्या महिन्यापासून पडू लागून सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. लहान जातींत दुधाचा दात न पडता शेजारी दुसरा उगवणे हे नेहमीचे आहे. तसे दिसल्यास तो दात पशुवैद्याकडून काढवावा.

जंत, गोचीड व लशी.— गोल जंत आईच्या पोटातूनच पिलात येतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी व पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा जंताचे औषध वजनाप्रमाणे द्यावे. हे जंत अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटातही जातात व क्वचित डोळ्यास अपाय करतात. गोचिडांसाठी शेतीचे कीटकनाशक पाण्यात कालवून पिलाच्या अंगास लावण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती सर्वस्वी त्याज्य समजावी. बैलाच्या मापाचे औषध किलोभर वजनाच्या जिवास मारक ठरते, आणि पिलू ते चाटून पोटातही घेते.

पार्व्हो हा रक्ती हगवणीचा रोग १९७८ साली जगभर पसरला. त्याचे विष मातीत महिनोन् महिने टिकते. त्यावरील व डिस्टेंपरवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत टोचवावी. तोपर्यंत पिलू गल्लीत सोडू नये. मात्र कडेवर घेऊन त्यास माणसे, गुरे व ट्रॅक्टरचा आवाज यांची ओळख जरूर करून द्यावी, कारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत जे परिचयाचे होते त्यास कुत्रे जन्मभर भीत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पिसाळण्याच्या रोगाची होय. ‘एवढ्याशा पिलाच्या दाताने काय होते’ असे म्हणून ओरखड्याकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु हा रोग पिलांसही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचली, तेव्हापासून यावर उपाय आहे. पण तो वेळेवर केला पाहिजे. पिलास तीन महिन्यांचे होताच ही लस द्यावी, वर्षाने पुन्हा द्यावी व पुढे दरवर्षी देत जावी. दात अथवा नख लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, आणि हळद, चुना वा तिखट न भरता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

ज्या वाचकांच्या घरी असे पिलू आले असेल त्यांनी आजच एक वही घालावी. तीत जन्मतारीख, वजन, जंताच्या औषधाचे दिवस व लशींच्या तारखा मांडाव्यात, आणि ती दवाखान्यात जाताना सोबत न्यावी. पशुवैद्यास तीवरून निम्मे निदान होते, आणि घरातील मुलांसही जबाबदारीने जीव सांभाळण्याचे वळण लागते.