एकाच वर्षातले तीन संप: कोण जिंकलं, कोण हरलं आणि का?

२०२३ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत तीन देशांतल्या कामगारांनी काम बंद केलं. अमेरिकेत मोटारी बनवणारे, स्वीडनमध्ये मोटारी दुरुस्त करणारे आणि बांगलादेशात कपडे शिवणारे. मागण्या काही जगावेगळ्या नव्हत्या. महागाई वाढली, पगार वाढवा. आणि जे काही ठरवायचं ते आमच्यासोबत बसून, लेखी करार करून ठरवा.

निकाल मात्र फार वेगवेगळे लागले. अमेरिकेत सुमारे सहा आठवड्यांत २५ टक्के पगारवाढीचा करार झाला. स्वीडनमधला संप दोन वर्षं उलटली तरी मिटला नाही. बांगलादेशात मागणी होती महिन्याला २३ हजार टक्यांची, मिळाले १२ हजार ५००, आणि त्या आंदोलनात चार कामगारांचा जीव गेला.

आपल्याकडे संपाची बातमी आली की दोनच गोष्टींवर वाद होतो: मागणी रास्त होती का, आणि लोकांची गैरसोय किती झाली. पण संपाचा निकाल बहुतेक वेळा या दोन्हींवर ठरत नाही. तो ठरतो तीन साध्या प्रश्नांवर. कामगाराच्या घरची चूल किती दिवस पेटती राहील? काम बंद पडल्यावर खरं नुकसान कुणाचं होतं? आणि पैशाचा निर्णय ज्याच्या हातात आहे, तो समोर वाटाघाटीला बसलेला आहे का? हे तीन संप या तीन प्रश्नांवर तपासून पाहू.

डेट्रॉइट: आधी तिजोरी, मग संप

फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस या तीन मोठ्या कंपन्यांतले सुमारे १ लाख ४६ हजार कामगार युनायटेड ऑटो वर्कर्स म्हणजे यूएडब्ल्यू या एकाच युनियनचे सभासद. २००९ च्या मंदीत कंपन्या बुडायला आल्या तेव्हा या कामगारांनी महागाई भत्ता सोडला; नव्या भरतीला कमी पगार तर त्यांनी २००७ मध्येच मान्य केला होता. पुढे कंपन्या सावरल्या, नफाही झाला, पण सोडलेलं परत मिळालं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सभासदांनी पहिल्यांदाच थेट मतदानाने अध्यक्ष निवडला, त्यात शॉन फेन निवडून आले. जुना करार १४ सप्टेंबरच्या मध्यरात्री संपला आणि लगेच संप सुरू झाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. युनियनने सगळ्यांना एकदम बाहेर काढलंच नाही. पहिल्या दिवशी तिन्ही कंपन्यांचा एकेकच कारखाना बंद केला, सुमारे १३ हजार कामगार बाहेर आले. बाकीचे कामावर, पगार चालू. पुढचा कारखाना कोणता बंद होणार हे कंपनीला आधी कळत नव्हतं. वाटाघाटी अडकल्या की आणखी एखादा बंद. असं करत संपावरच्या कामगारांची संख्या ४५ हजारांच्या वर गेली.

यामागे साधा हिशोब होता. युनियनच्या संप निधीत ८२ कोटी ५० लाख डॉलर होते आणि संपावरच्या प्रत्येकाला आठवड्याला ५०० डॉलर मिळत होते. सगळे एकदम बाहेर पडले असते तर आठवड्याला ७ कोटी ३० लाख डॉलर लागले असते, म्हणजे सुमारे अकरा आठवड्यांत तिजोरी रिकामी. १३ हजारांसाठी आठवड्याचा खर्च होता ६५ लाख. हा निधी आला कुठून? सभासद महिन्याला साधारण अडीच तासांची मजुरी वर्गणी म्हणून देतात, त्यातून. संप सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याची तयारी झालेली होती.

नुकसान कुणाचं, याचंही उत्तर स्पष्ट होतं. ११ ऑक्टोबरला फोर्डचा केंटकी इथला ट्रकचा कारखाना बंद पडला, तिथे ८,७०० कामगार होते. फोर्डच्या सगळ्यात जास्त कमाई करून देणाऱ्या कारखान्यांपैकी तो एक. दोनच आठवड्यांत, २५ ऑक्टोबरला, फोर्डने समझोता केला. २८ ला स्टेलँटिस आणि ३० ला जनरल मोटर्स. एप्रिल २०२८ पर्यंत २५ टक्के वाढ, त्यातली ११ टक्के ताबडतोब, आणि महागाई भत्ता परत सुरू. पैशाचा निर्णय घेणारी कंपनी समोर बसलेली होती. तिच्याकडे पैसा होता आणि द्यायचं की नाही हे तिलाच ठरवायचं होतं.

स्वीडन: मूठभर मेकॅनिक, पाठीशी बंदर आणि पोस्ट

२७ ऑक्टोबर २०२३ ला स्वीडनमध्ये टेस्लाच्या दुरुस्ती केंद्रांतले मेकॅनिक संपावर गेले. संख्या सुमारे १२०. मागणी पगाराच्या आकड्याची नव्हती, सामूहिक कराराची होती. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. पगार, सुट्ट्या, पेन्शन हे सगळं युनियन आणि मालक करार करून ठरवतात, आणि दहापैकी जवळपास नऊ कामगार अशा करारांखाली येतात. टेस्लाचं म्हणणं होतं की आम्ही कराराशिवायही चांगलं देतो, सही कशाला? युनियनचं म्हणणं होतं की एका मोठ्या कंपनीला सूट दिली तर उद्या बाकीचेही हेच म्हणतील.

तिथला कायदा दुसऱ्या युनियनला पाठिंब्यासाठी काम थांबवायची मुभा देतो. म्हणून गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या जहाजातून उतरवायच्या बंद केल्या. पोस्टवाल्यांनी नव्या गाड्यांच्या नंबरप्लेट पोचवायला नकार दिला. पुढे डेन्मार्क आणि नॉर्वेच्या युनियननीही पाठिंबा दिला.

एवढं असूनही संप जिंकला गेला नाही. चुलीचा प्रश्न नव्हता, युनियनची तिजोरी भक्कम आहे. अडचण दुसऱ्या प्रश्नात होती. टेस्लाचा स्वीडनमध्ये एकही कारखाना नाही. काही मेकॅनिक संपात उतरलेच नाहीत, काही जागी कंपनीने बदली माणसं आणली. गाड्या दुसऱ्या मार्गाने देशात येत राहिल्या. जगभर धंदा असलेल्या कंपनीला एका छोट्या बाजारातलं नुकसान सोसता येतं. एकजूट मोठी होती, पण कंपनीला दुखेल अशा जागेपर्यंत तिचा हात पोचला नाही.

गाजीपूर: ज्याच्याकडे पैसा, तो समोरच नव्हता

चीननंतर सर्वांत जास्त तयार कपडे निर्यात करणाऱ्या देशांत बांगलादेश येतो. ढाक्याच्या आसपास गाजीपूर, आशुलिया, सावर या पट्ट्यात हजारो कारखाने आहेत. या धंद्यात सुमारे ४० लाख कामगार, त्यात निम्म्याहून जास्त बायका. २०१८ मध्ये ठरलेलं किमान वेतन होतं महिन्याला ८ हजार टका. पाच वर्षांनी नवं वेतन ठरवायला सरकारने मंडळ नेमलं. कामगार संघटनांनी २३ हजार मागितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मालकांच्या प्रतिनिधीने प्रस्ताव ठेवला १० हजार ४०० चा. ती बातमी पसरली आणि कामगार शिलाई मशीन सोडून रस्त्यावर आले.

३० ऑक्टोबरला पहिले दोन मृत्यू झाले. ७ नोव्हेंबरला १२ हजार ५०० टका जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा निदर्शनं, पुन्हा गोळीबार, त्यात एका कामगार बाईचा जीव गेला. मग शंभराहून अधिक कारखान्यांनी कामगार कायद्याच्या कलम १३(१) चा आधार घेऊन टाळं लावलं. या कलमाचा अर्थ सरळ आहे: संप बेकायदा असेल तर मालक कारखाना बंद ठेवू शकतो, आणि त्या दिवसांचा पगार नाही. हजारो अनोळखी व्यक्तींवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले, म्हणजे कुणालाही कधीही उचलता येईल. काही दिवसांत लोक कामावर परतले.

आता तेच तीन प्रश्न. आठवड्याला ५०० डॉलर देणारा निधी इथे नव्हता. खोलीचं भाडं आणि दुकानाची उधारी महिन्याच्या पगारावरच चालते, पगार चुकला की दोन्ही थकतात. नुकसान मालकाचंही झालं, पण त्याच्या पाठीशी पोलीस आणि कायदा होता. आणि तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मालक सांगत होते की परदेशी ब्रँड भाव वाढवून देत नाहीत. आदिदास, पूमा, ह्यूगो बॉस अशा ब्रँडनी पंतप्रधान शेख हसीना यांना पत्र लिहून वेतन वाढवायला सांगितलं खरं, पण वेतन मंडळाच्या टेबलावर ते कुठेच नव्हते. कपड्याचा भाव ठरवणारा एका देशात आणि तो शिवणारी दुसऱ्या देशात. संप करणाऱ्यांना त्याच्यापर्यंत पोचायची वाटच नव्हती.

५६ टक्क्यांची वाढ, पण कशात?

८ हजारांवरून १२ हजार ५००, म्हणजे ५६ टक्के वाढ. ऐकायला अमेरिकेच्या दुपटीहून जास्त. पण गणित करून बघा. २०१८ मध्ये एक डॉलर सुमारे ८४ टक्यांचा होता, म्हणजे ८ हजार टका साधारण ९५ डॉलर झाले. २०२३ च्या अखेरीला डॉलर ११० टक्यांवर गेला, म्हणजे १२ हजार ५०० टका साधारण ११३ डॉलर. पाच वर्षांत वाढ झाली फक्त १८ डॉलरची, २० टक्क्यांहूनही कमी. ब्रँड पैसे डॉलरमध्ये देतात, त्यांच्यासाठी वाढ एवढीच. आणि कामगाराच्या घरी त्या वर्षी महागाई साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती.

२०२४ मध्ये सरकार बदललं आणि आशुलियात पुन्हा कामं बंद पडली. सप्टेंबरमध्ये १८ मागण्या मान्य झाल्या, नंतर वार्षिक वाढ ५ वरून ९ टक्क्यांवर गेली. २०२३ मध्ये जे अर्धवट राहिलं ते वर्षाच्या आत पुन्हा रस्त्यावर आलं.

हे आपल्याला नवं नाही

महाराष्ट्राने हाच धडा १९८२ मध्ये पाहिला आहे. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वर्षाहून अधिक काळ लढले, कारण अनेकांना गावच्या शेतीचा आधार होता. पण १९४६ च्या कायद्याप्रमाणे वाटाघाटीचा हक्क फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार ज्यांच्या मागे होते, त्यांना टेबलावर जागा नव्हती. आणि गिरण्या बंद असताना कापड भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर निघत राहिलं. गिरणी मालकाचं नुकसान तेवढं कमी झालं.

ज्यांच्या मागांवर ते कापड विणलं गेलं, त्यातले कितीतरी जण मोमीन-अन्सारी वस्त्यांतले. त्यांना गिरणीचा पगार, ग्रॅच्युइटी, रजा यातलं काही मिळालं नाही. मजुरी मीटरवर, म्हणजे जेवढं विणलं तेवढीच. आजही भिवंडीत मजुरीवाढ मागितली की मागमालक म्हणतो, "व्यापारी भाव वाढवत नाही." गाजीपूरचा कारखानदार ब्रँडबद्दल नेमकं हेच म्हणतो.

म्हणून पुढच्या वेळी संपाची बातमी वाचाल, मग ती ढाक्याची असो की भिवंडीची, तेव्हा मागणीचा आकडा वाचून थांबू नका. त्या घरांची चूल किती दिवस चालेल, नुकसान कुणाचं होतंय आणि भाव ठरवणारा समोर बसलाय का, एवढं विचारा. आणि जे स्वतः मागावर किंवा मशीनवर बसतात, त्यांनी डेट्रॉइटच्या अडीच तासांच्या वर्गणीचा विचार जरूर करावा. ती वर्गणी काम चालू असताना आणि पगार हातात येत असतानाच गोळा झाली होती.