मासा बोटभर, म्हणून भांडे वीतभर?

जागा कमी आहे असे म्हणणाऱ्याला माशांच्या दुकानात बहुधा गोल काचेचा बाऊल दाखवतात आणि त्यात झेब्रा डॅनिओची किंवा निऑन टेट्राची एक जोडी सोडून देतात. मासा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. त्याला पाच लिटर पाणी म्हणजे चैन, असा हिशेब त्यामागे असतो. वरवर पाहता तो चोख वाटतो, पण त्यात पाण्याला नुसती जागा समजले आहे आणि मासे एकेकटे मोजले आहेत. थव्याने राहणाऱ्या माशांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी चालत नाहीत.

आधी पाणी. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटत असतो, आणि न खाल्लेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. समजा दिवसभरात दोन मिलिग्रॅम अमोनिया सुटला. पाच लिटरच्या बाऊलमध्ये त्याचे प्रमाण लिटरला ०.४ मिलिग्रॅम होते. पन्नास लिटरच्या टाकीत ०.०४. मासे तेवढेच, खाणे तेवढेच, विष मात्र दहापट. पाणी कुठले आहे यानेही फरक पडतो. पंचवीस अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांपुढे जातो. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, त्यामुळे तिथे छोट्या भांड्याचा धोका आणखी वाढतो. उन्हाळ्याचे गणित वेगळेच: वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. त्यात बाऊलचे तोंड निमुळते, म्हणजे हवेशी देवाणघेवाण करणारा पृष्ठभागही कमी.

यावर उत्तर ठरलेले असते: आम्ही दर आठवड्याला सगळे पाणी बदलतो, खडे नळाखाली खळखळून धुतो. नेमके हेच करू नये. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे त्यामानाने कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर चिकटून वाढतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो. नळाच्या पाण्यातला क्लोरिन त्यांना मारतो, आणि घासून धुतल्यावर उरलेसुरले मोरीत जातात. मग टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, त्यात अँटिक्लोरिन घालावे, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, एवढे पुरते. रात्री फिल्टर बंद ठेवून वीज वाचवण्याचा विचारही सोडावा. वाहते पाणी आणि त्यातला प्राणवायू थांबला की हे जिवाणूही अडचणीत येतात.

आता जोडीचा मुद्दा. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. पुढे तो जगभरच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत पोहोचला, आणि त्यामुळे इतक्या लहान माशाच्या वागण्याबद्दल क्वचितच असते एवढी माहिती आज आहे. दोनच झेब्रा एकत्र ठेवले की बहुधा एक वरचढ होतो आणि दुसऱ्याला हुसकावत राहतो. दुसऱ्याला पळायला जागा नसते, आणि दांडगाई वाटून घ्यायला तिसराही नसतो. सहा-आठ मासे असले की ती पाठलागबाजी विखुरते आणि कोणा एकाच्या वाट्याला फारशी येत नाही. टायगर बार्बमध्ये हे आणखी स्पष्ट दिसते: दोन-तीनच असले तर ते शेजारच्या संथ माशांचे पर कुरतडतात, मोठ्या थव्यात आपसातच झोंबाझोंबी करतात. ‘खोडकर जात’ म्हणून बदनाम झालेला मासा पुष्कळदा नुसता संख्येने कमी पडलेला असतो.

टाकीत शिकारी नाही, मग थव्याची गरज काय, हा आक्षेप तर्काला धरून आहे. पण प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले, शिकारी कधीच न पाहिलेले झेब्राही एकत्र राहणेच पसंत करतात. सवय परिस्थितीवर अवलंबून असती तर ती एव्हाना गळून पडायला हवी होती. दुसरा आक्षेप असा की दुकानात एका टाकीत शंभर मासे मजेत असतात. ते तिथे मुक्कामाला नसतात, काही दिवसांत विकले जातात. तिसरा मात्र वजनदार वाटतो: अमक्याच्या बाऊलमध्ये मासा वर्षभर जगला. प्रयोगशाळेत झेब्रा सरासरी तीन-साडेतीन वर्षे जगतो, काही पाच वर्षांपुढे जातात. त्या मापाने एक वर्ष हे कौतुक ठरत नाही.

जागा खरोखरच नसेल तर मासे न पाळणे हा सरळ पर्याय आहे. असेल तर साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच टाकी घ्यावी. त्यात कागदावर चौपन्न लिटर पाणी मावते, खडे घालून पंचेचाळीसच्या आसपास. उंच टाकीपेक्षा लांब बरी, कारण हे मासे आडवे पळतात. टाकीत जिवाणू आधी मुरू द्यावेत, मग सहा झेब्रा आणावेत आणि निऑनसारखे नाजूक मासे त्यानंतर काही महिन्यांनी. शिवाय झाकण हवेच: झेब्रा उड्या मारतो.