थुंब्याचे फोटो आणि आपल्या ट्रंका

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळातल्या थुंब्याहून ‘नाइकी-अपाची’ अग्निबाण झेपावला. त्याने आकाशात सोडलेल्या सोडियमच्या ढगाच्या फोटोंवरूनच वरच्या वाऱ्यांचा वेग मोजायचा होता. म्हणजे फोटो हीच प्रयोगाची नोंद! थुंब्याची जागा निवडणाऱ्यांत कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस होते. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे तिथल्या अभियंत्यांच्या पहिल्या तुकडीत होते.

सायकलवरून अग्निबाणाचं टोक नेणाऱ्या दोघांचा प्रसिद्ध फोटो फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी थुंब्यात १९६६ मध्ये टिपला. तरी तो सर्रास १९६३ चा म्हणून छापला जातो. तारीख हरवली की इतिहास असा सरकतो.

शिरूर-दौंडकडच्या कुणाच्या घरी थुंब्यातल्या किंवा पुण्यातल्या खडकी-पाषाणच्या संरक्षण संस्थांमधल्या नोकरीतले जुने फोटो असतील, तर मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. लॅमिनेशन नको, चिकट पानांचा अल्बमही नको. आम्लविरहित कागदी पाकिटं वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारी निगेटिव्ह लगेच वेगळी ठेवा. ती कुजू लागलेली असते आणि शेजारच्यांनाही बिघडवते. पत्र्याच्या छपराखालचा माळा उन्हाळ्यात फार तापतो, तिथे काहीच ठेवू नका. आणि फोटोतली माणसं ओळखणारे आजोबा-आजी आहेत, तोवर त्यांना आजच विचारून घ्या.