लुकलुकणारी शकुंतला

एके काळी यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी, अरुंद रुळांची शकुंतला ही रेल्वेगाडी विदर्भात सगळ्यांच्या ओळखीची. मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. समजा, पायथॉन नुकतंच शिकू लागलेल्या यवतमाळच्या एखाद्या मुलीने आपल्या पहिल्या गेमसाठी हीच गाडी निवडली. चित्र काढलं, पायथॉनच्या पायगेम या गेम लिहायच्या साधनात चार ओळी लिहिल्या आणि गाडी निघाली. पण पळता पळता ती सारखी लुकलुकते! पहिला संशय लॅपटॉपवर जातो: जुना आहे, दम नाही त्याच्यात. खरी गंमत उलटीच आहे. संगणक इतका चपळ आहे, की त्याचं अर्धवट कामसुद्धा आपल्याला दिसतं.

पडद्यावर काहीच हलत नसतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. साधारण पडदा सेकंदाला 60 वेळा नवं चित्र दाखवतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात प्रोग्रामने तीन कामं उरकायची: ‘फिल’ने जुनं चित्र पुसायचं, ‘ब्लिट’ने गाडी 8 पिक्सेल पुढे काढायची आणि ‘फ्लिप’ने ते चित्र पडद्यावर आणायचं. नवशिक्या हातून बहुधा ‘फ्लिप’ दोनदा लिहिला जातो, एकदा पुसल्यावर आणि एकदा गाडी काढल्यावर. मग पडद्यावर कधी नुसतं आभाळ येतं, कधी गाडी. उपाय एका ओळीचा: पहिला ‘फ्लिप’ खोडायचा.

यामागची युक्ती फार देखणी आहे. संगणकाकडे जणू दोन पाट्या असतात. एक आपल्यासमोर धरलेली, दुसरी पाठीमागे. पुसणं, रंगवणं, चुकणं, सगळं मागच्या पाटीवर चालतं. चित्र पुरं झालं की ती पुढे येते. याला डबल बफरिंग म्हणतात.

ही लपवाछपवी संगणकाच्या कितीतरी आधीची. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्या काळच्या प्रोजेक्टरमध्ये फिल्म झटक्याने पुढे सरके, आणि नेमक्या त्याच क्षणी शटरचं पातं प्रकाश अडवी. सरकणारी फिल्म प्रेक्षकांना कधी दिसलीच नाही! पण सेकंदाला सुमारे 16 चित्रं म्हणजे 16 वेळा उजेड-अंधार, आणि तेवढ्याने पडदा लुकलुके. म्हणून तीन पात्यांची शटर आली. प्रत्येक चित्र तीनदा उजळलं, सेकंदाला 48 वेळा प्रकाश पडू लागला आणि लुकलुक पुष्कळच निवली. अंधार वाढवून चित्र स्थिर करायचं, काय विलक्षण बुद्धी!

‘फ्लिप’ एकच ठेवूनही कधी कधी इंजिनाचा वरचा भाग मागे आणि खालचा 8 पिक्सेल पुढे दिसतो. हा आजार वेगळा, त्याचं नाव टेअरिंग. पडदा वरून खाली, ओळीओळीने उजळत जातो. तो मध्यावर असतानाच चित्र बदललं, तर वर जुनी गाडी राहते आणि खाली नवी येते. ‘क्लॉक.टिक(60)’ने हे जात नाही. त्याने गेमचा वेग आवरतो, पडद्याशी ताल जुळत नाही. तो जुळवतो व्हीसिंक: पडद्याची एक फेरी पुरी होईपर्यंत पाटी बदलू न देणारा.

दुरुस्त झालेल्या प्रोग्राममध्ये एक प्रयोग जरूर करावा. ‘फ्लिप’नंतर 500 मिलिसेकंद थांबवणारं ‘पायगेम.टाइम.वेट(500)’ लिहा. गाडी धावणार नाही. इथे उभी, मग तिथे उभी दिसेल. आता 500 चे 200 करा, 100 करा, मग 50, मग 16. कुठेतरी मध्येच ती उभी गाडी चालू लागते. चित्रं तीच, 8 पिक्सेल तेच; कमी झाला तो फक्त मधला वेळ. उरलेला सगळा प्रवास बघणाऱ्याच्या मेंदूने घडवलेला असतो, आणि गेम लिहिणं म्हणजे त्या मेंदूला वेळेवर, पुरी झालेली चित्रं पुरवत राहणं.