'कॅच' या क्रियापदाचे कूळ

इंग्रजीचे नाव काढताच आपल्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा येतो. तरीही शेलू स्टेशनवर कर्जत लोकल 'कॅच' करण्याची भाषा सर्वांच्या तोंडी आहे. म्हणून याच क्रियापदाचा थोडा विचार करू.

'कॅच' म्हणजे पकडणे, हे आपण शाळेत पाठ केले. गाडी आणि चोर यांच्यापुरते ते चालते. पुढे मात्र अडते. इंग्रज सर्दी 'कॅच' करतो, आपल्याला सर्दी होते. लाकूड आग 'कॅच' करते, आपल्याकडे ते पेट घेते. खिळ्याला सदरा अडकला तरी 'कॅच' आणि बोलणे नीट ऐकू आले तरी 'कॅच'च!

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तेथे 'कापेरे' म्हणजे घेणे, धरणे. 'कॅप्चर' हा शब्दही त्याच मुळाचा. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या फ्रेंच बोलीतून 'कॅच' इंग्रजीत आला. त्याचा आधीचा अर्थ पाठलाग करणे असा होता. पुढे मध्य फ्रान्सच्या बोलीतून त्याच शब्दाचे दुसरे रूप आले, ते 'चेस'. मग दोघा भावांत वाटणी झाली. पाठलाग 'चेस'कडे गेला, पकडणे 'कॅच'कडे राहिले.

याचा भूतकाळ 'कॉट' असा का? जुन्या इंग्रजीत धरणे या अर्थी 'लॅच' हे क्रियापद होते. त्याच्या भूतकाळी रूपाच्या धर्तीवर 'कॉट' तयार झाले. तोच 'लॅच' आज दाराच्या कुलपात उरला आहे.

इतके अर्थ पाहून घाबरण्याचे कारण नाही. आपले 'लागणे' पाहा. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते. गाडी फलाटाला लागते, तशीच घाटात एखाद्याला गाडी लागते! मूळ संस्कृत 'लग्' म्हणजे चिकटणे. 'लग्न' हा शब्दही त्यातूनच आला.

हे सारे अर्थ आपण कोशातून पाठ केले नाहीत. कधी शाळेत न गेलेल्या आईच्या बोलण्यातून ते आपोआप आले. इंग्रजी शब्दही तसाच, एकटा न घेता त्याच्या सोबत्यांसह वाक्यातून घ्यावा. घरात इंग्रजी जाणणारे कोणी नसले, तरी भाषा कशी शिकावी याचा धडा आपल्याला घरीच मिळालेला आहे.