स्पीकर बदलण्याआधी खोलीकडे बघा

अमेरिकेत घर घेतलं की दोन-चार वर्षांत बेसमेंट फिनिश होतं आणि तिथे होम थिएटर येतं. भारतातून आई-बाबा आले की हौसेने मराठी सिनेमा लावला जातो. पण थोड्याच वेळात प्रश्न येतो, "काय म्हणाला तो?" आवाज वाढवला तर संगीत कानठळ्या बसवतं आणि संवाद मात्र तसेच पुसट. सबटायटल्स असतात ती इंग्रजीत. मग "तुम्ही बघा" म्हणत ज्येष्ठ मंडळी वर निघून जातात आणि आपण महागडे स्पीकर शोधू लागतो. दोष मात्र बरेचदा खोलीचा असतो.

रिकाम्या घरात आवाज घुमतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. स्पीकरचा आवाज थेट कानावर येतो, तसाच भिंती, छत आणि जमिनीवर आपटूनही येतो. आधीचा शब्द विरण्याआधी पुढचा त्यावर येऊन पडतो. वय झालेल्या कानांना हा गोंधळ जास्त जाणवतो.

हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात नेमकं हेच झालं होतं. तिथे शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. 1895 मध्ये हे काम वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाकडे आलं. त्यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकींच्या गाद्या आणून मांडल्या आणि मोजमाप केलं. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा कमी होत गेला.

आपणही तेच करायचं. खोलीत एक टाळी वाजवा. मागे झणझण ऐकू आली तर समोरासमोरच्या भिंती फार उघड्या आहेत. जमीन टाइल्सची किंवा लाकडी असेल तर सोफा आणि स्पीकर यांच्यामध्ये जाड गालिचा टाका. मग एकाने सोफ्यावर बसावं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथे आवाज आपटतोय. आधी तिथे जाड गोधडी टांगून बघा. फरक पडला तर कापडात गुंडाळलेले मिनरल वूलचे दोन ते चार इंच जाड पॅनेल लावा.

सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथे बास फुगतो. दोन-तीन फूट तरी पुढे ओढा. बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून तो कपाटात कोंबू नका. त्याचं तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे हवं.

पातळ फोमच्या भरवशावर मात्र राहू नका. तो फक्त वरच्या पट्टीचे आवाज शोषतो, बास तसाच राहतो. वरच्या मजल्यावर जाणारा आवाजही त्याने थांबत नाही. त्यासाठी छताचंच काम करावं लागतं. आणि सगळ्या भिंती झाकल्या तर खोली निर्जीव वाटते. म्हणून एकेक बदल करा, दर वेळी तोच प्रसंग लावून ऐका, आणि संवाद स्पष्ट झाले की थांबा.